पाणी कुठून गळते ते आधी शोधा!
जुन्या गाड्यांची दुरुस्ती : कारागिराची नजर आणि धंद्याची पत

"उस्ताद, गाडी पाणी पिते," असे म्हणत एखादे गिऱ्हाईक गॅरेजच्या दारात उभे राहिले की पुढे काय घडते, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आधी रेडिएटर उतरतो. त्याला टाका घालून बसवला की दोन दिवसांनी पुन्हा थेंब पडू लागतो. मग होज पाईप बदलतात, मग वॉटर पंप, आणि शेवटी 'हेड गॅस्केट गेली असणार' म्हणून इंजिनाचे हेड खोलले जाते. महिन्याभरात गिऱ्हाइकाचे हजारो रुपये खर्च होतात आणि गाडी पाणी पीतच राहते.

कुर्ल्यातील एका लहानशा गॅरेजमध्ये अशीच एक जुनी प्रीमियर पद्मिनी आली होती. मालक निवृत्त शिक्षक. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली, त्यामुळे ती विकायचा प्रश्नच नव्हता. तीन ठिकाणी काम करून झालेले होते. होज नवे, पंप नवा, रेडिएटरला टाका, आणि एकदा हेड खोलून पुन्हा बसवलेले. तरीही रोज सकाळी तांब्याभर पाणी कमी! गॅरेजच्या उस्तादांनी त्या दिवशी एकही नट ढिला केला नाही. ते म्हणाले, "मास्तर, गाडी रात्रभर इथे राहू द्या. सकाळी इंजिन थंड असताना बघतो. बघण्याचे पैसे वेगळे होतील, दुरुस्तीचे वेगळे."

मास्तरांना ते जरा चमत्कारिक वाटले. "नुसतं बघण्याचे पैसे?"

"हो मास्तर. आजवर तुम्ही न बघण्याचे पैसे दिलेत."

या उत्तरात आपल्या मोटार-कारागिरांच्या पुढच्या धंद्याची दिशा आहे असे आम्हाला वाटते, म्हणून हा विषय आज या पानावर घेतला आहे.

टॅक्सी गेली, काम उरले

मुंबईच्या गॅरेजवाल्यांना पद्मिनीची ओळख करून देण्याची गरज नाही. शेठ वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे फियाट गाड्या तयार होऊ लागल्या. 1964 पासून आलेली 'फियाट 1100 डिलाईट' हीच पुढे 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि मग 'प्रीमियर पद्मिनी' झाली. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने या गाडीने मुंबईतील किती घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. टॅक्सी चालवणारा एक, पण तिच्यामागे मेकॅनिक, डेंटर, पेंटर, रेडिएटरवाला, सीट शिवणारा, बॅटरीवाला असे कितीतरी हात होते आणि त्यांत आपल्या बांधवांचे हात पुष्कळ होते.

ताडदेवच्या आरटीओमध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीला 20 वर्षांची वयोमर्यादा असल्याने 30 ऑक्टोबर 2023 पासून ही गाडी टॅक्सी म्हणून रस्त्यावर दिसेनाशी झाली. त्या दिवशी अनेकांनी हळहळ व्यक्त केली, वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली. ज्याने वीस-पंचवीस वर्षे फक्त याच इंजिनात हात घातले होते, त्या कारागिराचे पुढे काय, हे विचारणारे मात्र थोडेच होते.

खरे पाहता काम संपलेले नाही, त्याचा प्रकार बदलला आहे. पूर्वी टॅक्सीवाला तासाभरात गाडी परत मागायचा, कारण गाडी उभी राहिली की त्याची रोजी बुडायची. आज जो जुनी फियाट, अ‍ॅम्बेसेडर किंवा विलीज जीप घेऊन येतो त्याला घाई नसते. गाडी त्याची हौस असते किंवा वडिलांची आठवण. त्याला काम नीट हवे असते आणि नीट कामाची मजुरी द्यायला तो तयार असतो. सरकारनेही जुलै 2021 मध्ये जुन्या गाड्यांसाठी नियम केले. 50 वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी आता 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी 20 हजार रुपये असून नंबर प्लेटवर 'व्हीए' ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा भाड्याने चालवता येत नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाची अट अशी की चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. म्हणजे मूळ इंजिनाचा ब्लॉक ही आता मोलाची वस्तू आहे. पूर्वी ब्लॉक खराब झाला की भंगारातून दुसरा आणून बसवला जाई. आता एका चुकीच्या हातोड्याने ब्लॉकला तडा गेला, तर गिऱ्हाइकाचे नुकसान भरून देणे कारागिराच्या ऐपतीबाहेरचे ठरेल.

थंड इंजिन, कोरडे इंजिन

आता मूळ कामाकडे वळू. पाणी एकतर बाहेर गळते किंवा आत, म्हणजे सिलिंडरमध्ये अथवा ऑइलमध्ये जाते. यापैकी नेमके काय होते हे ठरल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.

कुर्ल्याच्या उस्तादांनी दुसऱ्या दिवशी सकाळी काय केले ते क्रमाने पाहण्यासारखे आहे. रात्रभर उभ्या गाडीखाली त्यांनी पुठ्ठा अंथरून ठेवला होता आणि चाकांच्या खुणा खडूने आखल्या होत्या, म्हणजे थेंब गाडीच्या कोणत्या भागाखाली पडला ते कळते. पण थेंब जिथे पडतो तिथेच गळती असते असे मुळीच नाही. पाणी ब्लॉकच्या कडेने, पाईपच्या अंगाने ओघळत जाते आणि सर्वांत खालच्या टोकावरून टपकते. वॉटर पंपाखाली थेंब दिसला म्हणून पंप बदलायचा, ही चूक मास्तरांच्या गाडीबाबत एकदा झालेलीच होती. पंपाची सील खरोखर गेली असेल तर पंपाच्या खालच्या अंगाला त्यासाठीच ठेवलेल्या बारीक छिद्रातून पाणी येते. ते छिद्र कोरडे असेल तर पंपाला दोष देऊ नये.

त्यानंतर कापडाने इंजिन पुसून कोरडे करण्यात आले. रेडिएटरचे झाकण काढून त्याजागी हातपंपाचा प्रेशर टेस्टर बसवला. (इंजिन गरम असताना झाकण उघडू नये हे सांगायला नको, तरी दरवर्षी कोणी ना कोणी तोंड भाजून घेतोच.) झाकणावर जेवढा दाब लिहिलेला असतो तेवढाच पंप मारायचा, जास्त नाही, कारण पन्नास वर्षांच्या रेडिएटरची नवी परीक्षा घेण्यात शहाणपण नाही. काटा दहा मिनिटे जागचा हलला नाही तर थंड अवस्थेत गळती नाही असे समजावे आणि इंजिन गरम करून पुन्हा पाहावे. काही सांधे थंड असतानाच गळतात, कारण धातू आकसलेला आणि रबर कडक झालेले असते. काही मात्र गरम झाल्यावरच तोंड उघडतात, आणि गरम इंजिनावर पडलेला थेंब लगेच वाफ होऊन उडून जातो. मागे राहतो तो फक्त पांढरट किंवा गंजाचा डाग. अशा डागांकडे बारकाईने पाहायची सवय शागीर्दांना पहिल्याच वर्षी लावली पाहिजे.

काटा खाली येतो आहे, पण बाहेर कुठेही ओल नाही, असे झाले तर पाणी आत जाते आहे. मग ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय आहे का पाहावे. तशी थोडी साय थंड हवेत कमी वापराच्या गाडीतही धरते, म्हणून एवढ्यावरून निवाडा करू नये. प्लग काढून एखादा ओला आहे का पाहावे. रेडिएटर काठोकाठ भरून, फॅन बेल्ट काढून, थंड इंजिन थोडाच वेळ चालू करावे. पंप फिरत नसताना झाकणाच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरमधला दाब पाण्यात शिरतो आहे. एवढी साक्ष मिळाल्यावरच हेड खोलावे. फियाटच्या 1089 सीसी इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते. गाडी एकदा जरी जोरात तापली तरी हे हेड वाकू शकते. म्हणून हेड नेहमी इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उतरवावे, सरळ पट्टी आणि फीलर गेजने तपासावे आणि बसवताना नट मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क रेंचने कसावे. 'माझ्या हाताला अंदाज आहे' म्हणणारे उस्ताद आम्ही पाहिले आहेत. त्यांच्या हाताला अंदाज असेलही, पण तो अंदाज त्यांच्या शागीर्दाच्या हातात उतरत नाही.

मास्तरांच्या गाडीचा काटा हळूहळू खाली येत होता आणि ओल दिसत नव्हती. दुसऱ्या कोणी हेड पुन्हा खोलले असते. उस्तादांनी खडूची पूड मागवली आणि फुंकर मारून ब्लॉकच्या कडेवर उडवली. लहान आरसा व बॅटरी घेऊन ते खाली वाकले. पाच मिनिटांत पांढऱ्या पुडीवर एक बारीक काळसर रेघ उमटली. ती निघत होती ब्लॉकमधील एका पत्र्याच्या टिकलीखालून. मास्तर हसून म्हणाले, "जन्मभर खडूच घासला, पण त्याचा हा उपयोग ठाऊक नव्हता."

टिकलीचे काम

या गोल टिकलीला 'कोअर प्लग' म्हणतात. ब्लॉक ओतताना आत पाण्याची पोकळी राहावी म्हणून वाळूचे गाभे ठेवतात. ओतकाम झाल्यावर ती वाळू बाहेर काढण्यासाठी जी भोके लागतात ती नंतर टिकल्या ठोकून बंद केली जातात. थंड देशांत पाणी गोठून फुगले की कधी कधी या टिकल्या बाहेर फेकल्या जातात, म्हणून काहींना वाटते की त्या त्यासाठीच आहेत. तसे नाही. आपल्याकडे त्या आतून गंजतात. बाहेरून रंग शाबूत दिसतो आणि आत पत्रा कागदासारखा झालेला असतो. सुईच्या टोकाएवढे भोक पडले की रोज तांब्याभर पाणी जायला पुरते.

टिकली काढताना सरळ आत ठोकू नये. ती पोकळीत पडली तर काढणे महाकठीण. आधी ब्लॉकचे व रेडिएटरचे पाणी काढून टाकावे, मग बोथट छिन्नीने टिकलीच्या एका कडेवर बेताचा ठोका द्यावा. ती भोकात आडवी फिरते. मग पकडीने धरून ओढून घ्यावी. भोकाच्या मागे हमखास गाळ सापडतो. तो तारेने उकरून, पाण्याच्या पाईपने उलट्या दिशेने धुऊन स्वच्छ पाणी येईपर्यंत काढावा. मास्तरांच्या गाडीतून जो तांबडा चिखल निघाला तो पाहून गाडी तापत का होती याचे अर्धे उत्तर मिळाले. भोकाची कड बारीक पॉलिश पेपरने साफ करावी, पण इतकी नाही की माप वाढेल.

नव्या टिकलीचे माप जुन्या टिकलीवरून घेऊ नये, भोकावरून घ्यावे. टिकल्या दोन प्रकारच्या मिळतात. बशीसारखी असेल तर फुगीर बाजू बाहेर ठेवून भोकाच्या खाचेत बसवतात आणि मध्यभागी गोल डोक्याच्या हातोडीने ठोका देतात. फुगवटा दबला की कड पसरून घट्ट बसते. वाटीसारखी असेल तर मापाचा ठोकळा लावून सरळ आत बसवतात. ती तिरकी गेली तर काढून नवीच घ्यावी. कडेला सीलंटचा पातळ हात पुरे. पितळी टिकली मिळाल्यास ती घ्यावी, कारण पितळेला लोखंडासारखा गंज चढत नाही. आणि एक टिकली गेली असेल तर तिच्या वयाच्या बाकीच्याही तपासाव्यात. मालकाला विचारून सगळ्या एकदम बदलणे स्वस्त पडते, कारण वस्तू किरकोळ किमतीची, खर्च सगळा मजुरीचा.

सोडा, नळाचे पाणी आणि पावडर

आपल्याकडे रेडिएटर साफ करायला कॉस्टिक सोडा टाकण्याची रीत आहे. बिडाच्या इंजिनात ती एकवेळ खपून जाते. फियाटच्या अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये मात्र हा सोडा थेट धातू खातो. ज्यांनी अशा गाड्यांच्या हेडची पाण्याची तोंडे कुरतडलेली पाहिली आहेत त्यांनी यामागच्या कारणाचा विचार करावा.

पाण्याचेही तसेच. नळाच्या, विशेषतः विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्याने आत क्षार धरतो आणि बीड व अ‍ॅल्युमिनियम एकाच पाण्यात असले की गंज जोर धरतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे घालावे. आपल्या हवेत गोठण्याची भीती नसली तरी कूलंटमधील गंजरोधक रसायन हवेच असते, शिवाय पाण्याचा उत्कलनबिंदू थोडा वर जातो. झाकणाचा दाबही तेच काम करतो. सुमारे 7 पौंडांच्या झाकणाखाली पाणी 100 ऐवजी साधारण 111 अंशांना उकळते. म्हणून झाकणाचा रबर गेला असेल तर इंजिनात काहीही बिघाड नसताना गाडी पाणी बाहेर टाकते. काढलेले कूलंट गटारात किंवा उघड्या डब्यात ठेवू नये. ते चवीला गोड आणि विषारी असते. कुत्री-मांजरे पितात, मुले पिऊ शकतात.

राहिली गळती बंद करणारी पावडर. आडरस्त्यावर, बायकामुले गाडीत असताना कोणी ती टाकून घर गाठले तर त्यात काही वावगे नाही. पण गॅरेजमध्ये ती टाकून 'दुरुस्ती झाली' म्हणून पैसे घेणे ही वेगळी गोष्ट आहे. पावडर गळतीचे भोक बुजवते तशी रेडिएटरच्या अरुंद नळ्याही बुजवू शकते, आणि दोन महिन्यांनी गाडी तापली की दोष दुसऱ्याच्या माथी जातो. हदीसमध्ये धान्य विकणाऱ्या व्यापाऱ्याचा प्रसंग आपण सर्वांनी ऐकलेला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी राशीत हात घातला तेव्हा आत ओल लागली. व्यापाऱ्याने पावसाचे कारण सांगितले, तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असा जाब त्याला विचारला गेला आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही असे बजावले गेले. पावडर टाकलेले इंजिन म्हणजे वरून कोरडी दिसणारी तीच रास. टाकायचीच असेल तर मालकाला सांगून टाकावी आणि बिलावर तसे लिहावे.

मजुरी कशाची घ्यायची?

आपल्या कारागिरांची एक जुनी अडचण आहे. गिऱ्हाईक सुट्या भागाचे पैसे मुकाट्याने देते आणि मजुरीवर घासाघीस करते. त्यामुळे कारागीर मजुरी कमी सांगतो आणि भाग जास्त बदलतो. दोघेही एकमेकांना फसवतात आणि दोघांनाही ते माहीत असते. यावर उपाय एकच दिसतो, तो म्हणजे तपासणीची मजुरी उघडपणे, आधी ठरवून घेणे. एक चांगला प्रेशर टेस्टर, फीलर गेज, टॉर्क रेंच, आरसा आणि बॅटरी एवढ्या सामानावर हे काम उभे राहते. नवा वॉटर पंप विकून जेवढे सुटते तेवढे तपासणीतही सुटू शकते, आणि त्यात कोणाचा तळतळाट नसतो.

रेडिएटरचे काम करणाऱ्यांनाही येथे वाव आहे. नव्या गाड्यांचे अ‍ॅल्युमिनियम-प्लॅस्टिकचे रेडिएटर फुटले की सहसा फेकले जातात. जुन्या गाड्यांचे तांब्या-पितळेचे रेडिएटर मात्र खोलता येतात, नळ्या सळईने साफ करता येतात, टाका घालून पाण्याच्या टाकीत हवा भरून तपासता येतात. हे हुनर जाणणारे हात दिवसेंदिवस कमी होत आहेत, आणि नवी मुले ते शिकायला तयार नाहीत, कारण त्यांनी उस्तादांची मिळकत पाहिलेली आहे. मिळकत वाढल्याशिवाय शागीर्द मिळणार नाहीत. कुर्ल्याची सीएसटी रोड किंवा चोर बाजारातील मटन स्ट्रीट येथे सुटे भाग विकणाऱ्या बांधवांनी जुन्या गाड्यांच्या टिकल्या, गॅस्केट, झाकणे मापाप्रमाणे वेगळी लावून ठेवली तर कारागिराची पायपीट वाचेल आणि माल पडून राहणार नाही.

मास्तरांच्या गाडीच्या सर्व टिकल्या बदलल्या गेल्या. उस्तादांनी तपासणी, मजुरी, टिकल्या आणि कूलंट असे चार रकाने करून बिल लिहून दिले आणि काढलेल्या जुन्या टिकल्या कागदात बांधून मास्तरांच्या हातात ठेवल्या. मास्तरांनी भोक पडलेली टिकली उजेडासमोर धरून पाहिली. "काका लोकांना दाखवा," उस्ताद म्हणाले, "आणि तीन दिवस रोज सकाळी थंड इंजिनाचं पाणी बघा. पंधरा दिवसांनी एकदा आणा, क्लिपा पुन्हा कसून देतो. त्याचे पैसे नाहीत."

पंधरा दिवसांनी गाडी आली. होजच्या दोन क्लिपा अर्धा-अर्धा फेरा कसाव्या लागल्या. पाणी मात्र जिथे भरले होते तिथेच होते. मास्तरांच्या मागोमाग त्यांच्या ओळखीची एक अ‍ॅम्बेसेडर दारात उभी होती, आणि तिचा मालक गाडीतून उतरताच विचारत होता, "बघण्याचे किती घेता?"